शांघायची नोकरी: विमानाच्या तिकिटाआधी नावाचे स्पेलिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 32, बी.ई. मेकॅनिकल, 2013 ची पुणे विद्यापीठाची पदवी, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आठ वर्षे क्वालिटीचे काम. शांघायला नोकरी करायची आहे. एजंट म्हणतो, बिझनेस व्हिसावर जा, तिथे गेल्यावर नोकरी मिळते. बरोबर बायको आणि चार वर्षांची मुलगी. घरात मांसाहार नाही. कसे जावे, कसे राहावे?

आधी त्या एजंटाचे बघू. तो सांगतो ते करू नका. बिझनेस व्हिसा म्हणजे ‘एम’ व्हिसा. त्यावर कारखाने बघता येतात, प्रदर्शनाला जाता येते, मुलाखतीही देता येतात, पण काम करता येत नाही. चीनमध्ये 2013 च्या जुलैपासून लागू असलेल्या कायद्यात बेकायदा कामाला 5,000 ते 20,000 युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर ठरले तर त्याच्या जोडीला 5 ते 15 दिवसांची कोठडी. एजंटाची फी बुडते ती वेगळीच. शिवाय इथे शांघायमध्ये राहून ‘एम’चा कामाचा व्हिसा करून घेणे तुमच्यासारख्याला जवळजवळ अशक्य, परत जाऊनच यावे लागते. म्हणजे दोनदा विमान, दोनदा खर्च.

मी मूळची इचलकरंजीची. 2011 मध्ये पुण्याच्या कंपनीसाठी इथले सप्लायर तपासायला सहा महिन्यांच्या बोलीवर आले आणि राहिले. पहिली काही वर्षे कास्टिंगमधली भोके मोजण्यात गेली. आता एका कारखानदारी कंपनीत परदेशी कर्मचाऱ्यांची कामाची परमिटे, घरे आणि कर यांचे काम बघते. त्या अनुभवावरून सांगते, शांघायमध्ये नोकरी शोधायची म्हणजे तुमचे परमिट काढण्याची ऐपत आणि इच्छा असलेली कंपनी शोधायची. तुमचे काम आवडणाऱ्या कंपन्या बऱ्याच भेटतील. त्यातल्या निम्म्या ‘आम्ही अजून कुणा परदेशी माणसाचे परमिट काढलेले नाही’ असे म्हणून मागे हटतील. म्हणून पहिल्या मुलाखतीतच विचारा: तुमच्याकडे सध्या किती परदेशी कर्मचारी आहेत? उत्तर शून्य आले तर राग न मानता पुढचे दार ठोठवा.

परमिटचे अ, ब आणि क असे तीन वर्ग आहेत, ही पद्धत 2017 च्या एप्रिलपासून देशभर आहे. ‘अ’ म्हणजे फार मोठा पगार किंवा फार मोठे नाव. तुम्ही ‘ब’ मध्ये बसता: पदवी, पदवीनंतर त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, वय 60 च्या आत, गुन्ह्याची नोंद नाही. गुणांची पद्धतही आहे, त्यात 60 गुण लागतात. वय, पगार, अनुभव, चिनी भाषेची एचएसके परीक्षा, सगळ्याला गुण मिळतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून तरुण वैज्ञानिक-तंत्रज्ञांसाठी ‘के’ नावाचा व्हिसा आला आहे, त्याला बोलावणाऱ्या कंपनीची गरज नाही. त्याच्या बातम्या वाचून कुणी चाकणची नोकरी सोडू नये. आत येणे वेगळे आणि पगारावर लागणे वेगळे.

भारतीयांना कुठे घेतात ते स्पष्टच सांगते. इंग्रजी शिकवण्याचा विचार सोडून द्या. त्या परमिटसाठी इंग्रजी मातृभाषा असलेल्या ठरावीक देशांचा पासपोर्ट मागतात, आपला त्यात नाही. 2021 च्या जुलैत सरकारने शिकवण्यांवर जो बडगा उचलला त्यात खुद्द गोऱ्या मास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. योगशिक्षक भरपूर आहेत आणि त्यांचे परमिट निघते, पण एका स्टुडिओच्या परमिटवर संध्याकाळी दुसऱ्या स्टुडिओत वर्ग घेतला की तेही बेकायदा काम. अशी पकडलेली पोरे मी पाहिली आहेत. आयटी, औषधे, हॉटेलातले आचारी, माल खरेदीची कार्यालये, आणि तुमच्यासारखे क्वालिटी व सप्लायर बघणारे, यांना जागा आहे. पण पूर्वीइतकी नाही. 2010 च्या जनगणनेत हाँगकाँग, मकाव, तैवानची माणसे धरून शांघायमध्ये बाहेरचे 2 लाखांच्या वर होते, 2020 मध्ये ते 1 लाख 64 हजारांवर आले. जे काम आज चिनी इंजिनिअर चांगल्या इंग्रजीत करतो त्यासाठी कुणी पुण्याहून माणूस आणत नाही. तुम्हाला आणतील ते भारतातल्या कारखान्याशी बोलणारा, दोन्हीकडची ड्रॉइंगे आणि दोन्हीकडचे बहाणे ओळखणारा माणूस म्हणून. आपल्या अर्जात तेच वर लिहा.

म्हणूनच माझ्या मते तुमचे सर्वांत सोपे दार शांघायमध्ये नाही, ते तुमच्या घरापासून तासाभरावर आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात चिनी कंपन्या आहेत, आणि शांघायच्या आसपास कारखाना असलेल्या युरोपीय कंपन्या तर कितीतरी. तिथे दीड-दोन वर्षे काढून अंतर्गत बदलीने आलेला माणूस घर, शाळा, तिकीट असे सगळे मागू शकतो. बाहेरून थेट आलेला बिचारा मिळेल ते घेतो.

थेटच यायचे असेल तर वेळ साधा. वर्षअखेरचा बोनस चिनी नववर्षाच्या आधी हातात पडतो, आणि मग लोक राजीनामे देतात. त्याला इथे ‘सोनेरी मार्च, चंदेरी एप्रिल’ म्हणतात. आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास जागा सर्वांत जास्त निघतात. डिसेंबर-जानेवारीत पाठवलेला अर्ज बहुधा तसाच पडून राहतो. लिंक्डइनचे चिनी दुकान 2023 च्या ऑगस्टमध्ये कायमचे बंद झाले. परदेशी कंपन्यांसाठी माणसे शोधणारे दलाल मात्र मूळ लिंक्डइन अजून वापरतात, तिथे तुमचे पान नीट ठेवा. स्थानिक लोक ‘बॉस झ्रपिन’ आणि ‘लिएपिन’वर शोधतात, पण चिनी येत नसेल तर तिथे फार काही हाती लागत नाही.

आणि इथे एक विनोदी पेच आहे. शांघायचा कुठलाही दलाल दुसऱ्याच वाक्यात तुमचा वीचॅट (इथले व्हॉट्सॲपसारखे ॲप) मागतो, आणि भारतात 2020 च्या जूनपासून वीचॅटवर बंदी आहे. ‘वीचॅट नाही’ एवढेच उत्तर गेले तर तुम्हाला त्यात रस नाही असा अर्थ निघतो. म्हणून एक ओळ तयार ठेवा: भारतात ते चालत नाही, ईमेलवर लगेच उत्तर देतो, टीम्सवर बोलू. त्यांना खरेच माहीत नसते.

आता कागद. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाचे काम अडते ते इथेच.

आपल्या पासपोर्टात आडनाव एका रकान्यात, आणि दिलेले नाव म्हणून आपले व वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात. पदवीवर आडनाव पुढे, मग नाव, मग वडिलांचे, कधी आईचेही. अनुभवपत्रावर नुसते नाव-आडनाव. आपल्याला तिन्ही एकच माणूस दिसतात, चिनी कारकुनाला तीन माणसे दिसतात. त्याचा दोष नाही, त्याच्या देशात नाव दोन-तीन अक्षरांचे असते आणि सगळीकडे तेच. तेव्हा अर्जाआधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चा गोंधळ असेल, वडिलांच्या नावात एखादा जास्तीचा ‘ए’ असेल, तर नोटरीकडचे प्रतिज्ञापत्र आत्ताच करा. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण: पदवीवर पुणे विद्यापीठ आणि आज संकेतस्थळावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. 2014 मध्ये नाव बदलले हे सांगणारे पत्र विद्यापीठाकडून घेऊन ठेवा. ते नसल्यामुळे माझ्या हातातली एक फाइल पाच आठवडे पडून होती.

अनुभवपत्र ईमेलवर आलेले पीडीएफ असेल तर चालणार नाही. लेटरहेड, सही, पदाचे नाव, कधीपासून कधीपर्यंत, आणि गोल शिक्का. चीनमध्ये कंपनीचा लाल शिक्का म्हणजे कंपनीचा प्राण. सहीपेक्षा त्याला मान जास्त. आपल्या तहसील कचेरीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. चाकणच्या एचआरला मात्र सांगावे लागते.

पदवी आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला या दोन्हींवर शिक्क्यांची साखळी लागते: पदवीला राज्याच्या उच्च शिक्षण खात्याचा, मग दोन्हींना परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि शेवटी चिनी दूतावासाचा किंवा मुंबईतल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासाचा. कुणी सांगेल, चीन आता अपोस्टिलमध्ये, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, दूतावासाची गरज नाही. चीन 7 नोव्हेंबर 2023 पासून त्या करारात आहे हे खरे, पण भारत आणि चीन या दोघांमध्ये तो लागू नाही. नुसते अपोस्टिल करून आलेले दोघे गेल्या वर्षी माझ्यासमोर डोके धरून बसले होते. विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला हेही त्याच साखळीतून काढा.

कागद पोचले की कंपनी इथे अर्ज करते, परमिटची सूचना निघते, ती घेऊन तुम्ही मुंबईत ‘झेड’ म्हणजे कामाचा व्हिसा काढता. आल्यावर 24 तासांत राहत्या पत्त्याची पोलिसांत नोंद. हॉटेलात असाल तर हॉटेल करते, घरात असाल तर तुम्हीच. शांघायमध्ये ती मोबाइलवरूनही होते. चुकली तर 2,000 युआनपर्यंत दंड. मग चांगनिंग भागातल्या जिनबांग रस्त्यावरच्या केंद्रात वैद्यकीय तपासणी, उपाशीपोटी जा. मग परमिट, आणि आल्यापासून 30 दिवसांच्या आत पुदोंगच्या मिनशंग रस्त्यावर निवास परवान्याचा अर्ज. तिथे पासपोर्ट काही दिवस ठेवून घेतात आणि पावती देतात. त्या दिवसांत घरी काही झाले तर लगेच निघता येत नाही, हे मनाशी धरून चला. पुढे मुदत संपल्यावर राहिलात तर रोज 500 युआन, जास्तीत जास्त 10,000 दंड. तारीख कंपनीच्या नव्हे, तुमच्या फोनमध्ये असू द्या.

करार वाचताना पगाराचा आकडा शेवटी बघा. आधी परीक्षण काळ: तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या कराराला तो दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मग काढून टाकले तर किती दिवसांची सूचना आणि किती भरपाई, हे स्पष्ट लिहून घ्या. परदेशी माणसाच्या बाबतीत शांघायमध्ये करारात लिहिलेल्याला फार वजन आहे, ‘कायद्यात आहेच’ यावर विसंबू नका. पगाराचा काही भाग ‘फापियाओ’ आणून द्या, म्हणजे खर्चाची सरकारी बिले जमा करा, मग देऊ, असे म्हणत असतील तर तो भाग पगार नाहीच असे धरा. आजार, नोकरी सुटणे, निवृत्तिवेतन, सगळ्याचा हिशेब कागदावरच्या पगारावर होतो.

कर 3 ते 45 टक्क्यांच्या टप्प्यांचा, वर्षाला 60,000 युआन वजावट. परदेशी कर्मचाऱ्याचे घरभाडे आणि मुलांची फी कंपनीने दिली आणि त्याच्या फापियाओ असल्या तर 2027 अखेरपर्यंत त्यावर कर नाही. ही सवलत पगाराच्या बोलणीतच वापरा: तेवढेच पैसे पगारात मागण्याऐवजी घर आणि शाळा म्हणून मागा. सामाजिक विम्यासाठी पगारातून साधारण दहा टक्के जातात. भारत-चीन यांच्यात त्याबाबतचा करार नाही, म्हणून भारतातला पीएफ दाखवून सुटका होत नाही. कायमचे परतताना निवृत्तिवेतनातला स्वतःचा हिस्सा काढून घेता येतो. बरेच जण निघण्याच्या गडबडीत तो विसरतात.

नोकरी सोडताना दोन कागद घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका: नोकरी सोडल्याचे शिक्क्याचे पत्र आणि परमिट रद्द केल्याचा दाखला. रुसलेला मालक हेच अडवून धरतो.

घर. ‘या यी फू सान’ हे चार शब्द पाठ करा: एका महिन्याची अनामत, तीन महिन्यांचे भाडे आगाऊ. वर दलालाचे साधारण महिन्याच्या भाड्याच्या 35 टक्के. म्हणजे 7,000 युआनच्या घरासाठी पहिल्याच दिवशी 30 हजार युआनच्या वर, आणि युआन 12-13 रुपयांचा. पहिला पगार महिन्याने येणार, तेव्हा एवढी रक्कम हातात घेऊन या. कुटुंबाला लायक दोन खोल्यांचे घर मिन्हांगमध्ये किंवा पुदोंगच्या बाहेरच्या अंगाला 5 ते 8 हजारांत मिळते, आतल्या वर्तुळात त्याचे दीडपट-दुप्पट. गुबेई आणि होंगछियाओकडे भारतीय कुटुंबे दिसतात. पण मी म्हणेन, आधी ऑफिसची मेट्रो लाइन बघा. आठशे किलोमीटरच्या वर जाळे आहे, तिकीट 3 युआनपासून, तरी दोन वेळा गाडी बदलायची तर रोजचे तीन तास गेले. घरमालकाला आधीच विचारा: परदेशी माणसाची पोलीस नोंद करून द्याल का, फापियाओ द्याल का? नाही म्हणाला तर घर कितीही छान असो, पुढे चला. आणि उन्हाळ्यात घर बघताना हिवाळ्याचे विचारा. उत्तर चीनसारखी सरकारी उष्णता इथे येत नाही. जानेवारीतला शांघायचा ओला गारठा पुण्याच्या थंडीसारखा अजिबात नाही, हाडात शिरतो. जूनच्या पावसात कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते.

पहिला आठवडा पुन्हा नावाचाच असतो. फोन क्रमांक, बँक, अलीपे हे पैसे देण्याचे ॲप, वीचॅट, रेल्वेचे 12306 हे ॲप, सगळी पासपोर्टावरून तुमचे नाव घालून घेतात, आणि प्रत्येक कारकून मोकळी जागा आपल्या मर्जीने सोडतो. फोन कंपनीने वडिलांचे नाव गाळले आणि बँकेने सगळे जोडून लिहिले, की अलीपे म्हणते ही दोन वेगळी माणसे. माझे तीन दिवस यात गेले होते. फोनच्या दुकानात आणि बँकेत पडद्यावर काय टंकले ते डोळ्यांनी वाचा, फोटो काढा, दोन्हीकडे एकसारखे करून घ्या. तोवर भारतातले व्हिसा किंवा मास्टरकार्ड अलीपेला जोडता येते, 200 युआनवरच्या खर्चाला 3 टक्के लागतात.

आईशी बोलायचे कसे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्याच रात्री पडेल. इथे व्हॉट्सॲप चालत नाही, तिथे वीचॅट चालत नाही. भारतातले सिम रोमिंगवर चालू ठेवा. त्याच्या डेटावर व्हॉट्सॲप चालते आणि भारतीय बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात. घरी दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम बरे.

जेवणाबद्दल घाबरू नका आणि बिनधास्तही राहू नका. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी खातो, एवढे म्हटले की भाजी येते. त्यावर डुकराची चरबी आणि किसलेले मांस नसेलच असे नाही, कारण त्यांच्या लेखी ते चवीपुरते. त्यामुळे ‘मांस नको, चरबी नको, कोंबडीचे पाणी नको’ अशी चिनी चिठ्ठी फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. खात्रीचे हवे तर बौद्ध खाणावळी आहेत. 1922 पासूनचे गोंगदलिन प्रसिद्ध आहे, देवळांतले नूडल्स स्वस्त आणि छान. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता भारतीय दुकानदार घरपोच पाठवतात. कुकर मात्र घरूनच आणा, शिट्ट्या मोजायची आपली सवय इथल्या इलेक्ट्रिक कुकरवर सुटत नाही.

सप्लायरच्या मेजवानीत बायज्यूचे, म्हणजे इथल्या कडक दारूचे, छोटे पेले फिरतात. नको म्हणून हात आडवा धरला तर मंडळी हिरमुसतात. चहाचा कप उचलून ‘यी छा दाइ ज्यू’ म्हणा, दारूच्या जागी चहा. ही त्यांचीच जुनी रीत आहे, कुणाला वाईट वाटत नाही. पेला मात्र समोरच्याच्या पेल्याहून जरा खाली धरून टेकवा. वयस्कर माणूस शेजारी असेल तर सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचे ‘क दीहुआ’ हे चिनी नाव घेऊन बघा. 1938 मध्ये आलेला आणि 1942 मध्ये इथेच गेलेला हा डॉक्टर साठीपुढच्या लोकांना अजून आठवतो. तिशीतल्यांना आमिर खान.

शाळेचा आकडा तुमचा सगळा हिशेब बदलेल. चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळेची फी वर्षाला 2 ते 3 लाख युआन, काहींची त्याहून जास्त. कंपनी ती देत नसेल तर स्वतःच्या पगारातून देण्याचा विचारही करू नका. तुमची मुलगी चारच वर्षांची आहे, हे तुमचे भाग्य. दोन वर्षे घराजवळच्या चिनी बालवाडीत घाला. सहा महिन्यांत ती भाजीवाल्याशी तुमच्या वतीने भांडेल. पहिलीला काय करायचे ते तेव्हा बघता येईल.

राहता राहिली तुमची बायको. त्या कुटुंबाच्या व्हिसावर येतील, त्याचा निवास परवाना होईल, त्यावर नोकरी करता येणार नाही. पण त्यांना नोकरी देणारी कंपनी मिळाली तर देश न सोडता इथेच परमिटचा अर्ज करता येतो, तुमच्यासारखे मुंबईला परतावे लागत नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात त्यांना काय करायचे आहे याची एक ओळही नाही. ते विचारून घ्या. आणि त्यांची पदवी माहेरच्या नावाने व पासपोर्ट सासरच्या नावाने असेल, कदाचित पहिले नावही लग्नात बदलले असेल, तर विवाहाचा दाखला, राजपत्रातली नोंद आणि पदवी या तिन्हींची साखळी तुमच्या कागदांबरोबरच सुरू करा. इथून पोस्टाने ती करायला मला स्वतःला सात महिने लागले.